परदेशातल्या युद्धातून पळालेल्या निर्वासितांना महाराष्ट्रात कधी आश्रय मिळाला होता का?

हो, आणि तोही कोल्हापूरजवळ. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका-मुलं. सोव्हिएत रशियाने सैबेरियाकडे हाकललेले हे लोक इराणमार्गे इकडे आले. कौलांच्या बराकी, स्वतःच्या शाळा, चर्च, अन् पोरं पंचगंगेत पोहायची! पण धोरण मुळात तात्पुरत्या आश्रयाचं. युद्ध संपल्यावर छावणी रिकामी झाली आणि तिथेच फाळणीतले सिंधी येऊन वसले. तेच आजचं गांधीनगर, कापड स्वस्त मिळतं ते. आजचं विचाराल तर संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सहीच नाही, स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. कोणाला घ्यायचं ते सरकार त्या त्या वेळी ठरवतं.