वाचकांचे प्रश्न : गुहा सरकारी जमिनीत आहे, मग चिंता कसली?

प्रश्न : आमच्या वणी-कोरपना भागात जमिनीखाली चुनखडीच आहे. उद्या गावच्या गायरानात एखादी गुहा सापडली, तर जमीन सरकारची म्हणून ती आपोआप वाचेल ना?

उत्तर : नाही वाचणार. गायरान सरकारच्या नावावर असते आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली गावाच्या वापरासाठी नेमून दिलेले असते. पण त्याच संहितेचे कलम ४८ सांगते की जमिनीतल्या खनिजांचा हक्क राज्य सरकारचा. चुनखडी हा सिमेंटचा कच्चा माल. म्हणजे गुहेची भिंत ज्याच्या मालकीची, तोच उद्या तिचा लिलाव करू शकतो. गुहांसाठी वेगळा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे दुसऱ्या कायद्यांचा आधार शोधावा लागतो.

सुरुवात कागदांपासून करा. तलाठ्याकडून सातबारा आणि गाव नमुना १-ब (सरकारी जमिनींची नोंदवही) यांचे उतारे घ्या. मग आतली मापणी. गुहेच्या तोंडाशी जीपीएसने जागा नोंदवायची आणि तिथून टेप, होकायंत्र व उतारमापक घेऊन टप्प्याटप्प्याने आत जायचे. प्रत्येक टप्प्याचे अंतर, दिशा आणि चढउतार वहीत लिहायचे. हा आराखडा गट नकाशावर ठेवला की खरी गोष्ट कळते: तोंड गायरानात असते, पण वाट दोन-तीन खातेदारांच्या शेताखालून गेलेली असते. बहुतेक प्रस्ताव इथेच फसतात. तोंडाभोवतीचे दहा गुंठे राखले जातात आणि वरच्या शेतात बोअर किंवा सुरुंग चालूच राहतो.

पाणी कुठून येते तेही पाहा. चुनखडीच्या प्रदेशात ओढा मध्येच एखाद्या खळग्यात गडप होतो. त्या खळग्यात गावाचा कचरा किंवा कोंबड्यांची घाण पडत असेल, तर ती न गाळता थेट गुहेत उतरते. माती गाळते, भेग गाळत नाही. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात गुहेवरचे आणि पाणलोटातले गट क्रमांक क्षेत्रासह लिहा. ‘गुहा व परिसर’ एवढेच लिहिलेल्या ठरावाला पुढे काही अर्थ उरत नाही.

ठरावाबरोबर गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून लोक जैवविविधता नोंदवहीत गुहेची नोंद करून घ्या: कोणती वटवाघळे, साधारण किती, कोणत्या महिन्यात. मग जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ खाली वारसा स्थळासाठी नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव जातो. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळची २.११ हेक्टर जागा एका छोट्या माशासाठी २०२१ मध्ये याच कलमाखाली जाहीर झाली. मात्र खाणीपुढे हे कवच पातळ आहे. सरकारी जमीन अभयारण्याला लागून असेल, तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-अ खालचे संवर्धन राखीव क्षेत्र मागा. आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याला ते गट खाणपट्ट्यातून वगळण्याचे पत्र आजच द्या. लिलाव झाल्यावर दिलेल्या पत्राला फार उशीर झालेला असतो.

प्रश्न : बस्तरची कुटुमसर गुहा पावसाळ्यात बंद का असते? आणि आत कायमचे दिवे लावले तर काय बिघडेल?

उत्तर : बंद असते कारण आत पाणी भरते, त्या अरुंद वाटेत अडकलेल्या माणसाला बाहेर काढणे कठीण. ही गुहा कांगेर व्हॅली राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यान १९८२ चे. राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकाम चालणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. इतके भक्कम संरक्षण फार थोड्या गुहांना आहे.

दिव्यांचे म्हणाल तर, अंधारात शेवाळ उगवत नाही. दिवा लावला की त्याच्या भोवती भिंतीवर हिरवा थर धरतो आणि खडक खराब करतो. कुटुमसरच्या पाण्यात रंग हरवलेले, डोळे अधू झालेले मासेही आहेत. कायमचा उजेड त्यांच्या जगण्यातलाच नाही. लावायचेच झाले तर कमी शक्तीचे एलईडी, माणूस आला की लागणारे आणि गेला की विझणारे.

लवणस्तंभाला, म्हणजे गुहेत ठिबकत्या पाण्यातून बनलेल्या चुन्याच्या खांबाला, हात लावू नका, हे सगळेच सांगतात. कारण क्वचित सांगतात. छताला लटकणारी कोवळी नळी जवळून पाहा. बोरूएवढी जाड, आतून पोकळ, टोकाला एक थेंब. थेंबातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि चुन्याचे अगदी बारीक कडे मागे राहते. स्तंभ असा वर्षाला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाने वाढतो, कित्येकदा त्याहूनही हळू. बोटाचे तेल तिथे लागले की पाणी खडकाला नीट धरत नाही, चुना बसत नाही आणि डाग काळा पडतो. मेघालयातल्या मॉमलूह गुहेतल्या एका स्तंभाच्या थरांवरून ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेला ‘मेघालयन’ हा भूशास्त्रीय कालखंड २०१८ मध्ये निश्चित झाला. असा तुकडा आठवण म्हणून खिशात घालणे म्हणजे जुन्या नोंदवहीतले पान फाडणे.

प्रश्न : ग्रामपंचायत गुहेच्या तोंडाला लोखंडी दार बसवायचे म्हणते. बसवावे का?

उत्तर : पत्र्याचे बंद दार मुळीच नको. गुहा श्वास घेते. हवा अडली की आतली ओल आणि तापमान बदलते, आणि वटवाघळे एक तर कोंडली जातात किंवा जागा सोडतात. परदेशात आडव्या गजांची जाळी लावतात, दोन गजांत सुमारे १४.५ सेंटिमीटर फट ठेवून. पण ती तिथल्या लहान, कीटक खाणाऱ्या जातींना मानवते. आपल्या गुहांत फळे खाणारी मोठी वटवाघळेही असतात, ती अशा जाळीतून नीट ये-जा करत नाहीत. म्हणून आधी जात ओळखून घ्या, आणि तोवर तोंडापासून आठ-दहा मीटर अंतरावर साधे कुंपण घाला, वरून मोकळे. माद्यांजवळ पिल्ले असतील त्या महिन्यांत तेही काम काढू नका. आत जाणाऱ्यांनी विष्ठेची धूळ उडवू नये आणि चांगला मास्क लावावा. त्या धुळीतली बुरशी फुप्फुसांत जाते.