मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देताना सुई चुकीच्या जागी गेली तर काय होतं?

तुम्ही लिहिलंय की आईंची एल४-एल५ ची डिस्क (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी) सरकलीये, डाव्या पायात कळ जाते, शुगर आहे, डॉक्टरांनी मणक्यात इंजेक्शन सांगितलंय आणि शेजारच्या काकू म्हणतायत सुई चुकली तर पाय जातात. मी डॉक्टर नाही, ऑपरेशन थिएटरमधे सी-आर्म चालवतो, म्हणजे सुई कुठे पोचली ते स्क्रीनवर दाखवणारं एक्स-रे मशीन. डॉक्टर सुई घालतात, मी चित्र दाखवतो, एवढंच माझं काम.

काकू म्हणतात तसं सुई थेट मज्जारज्जूत घुसणं कमरेत एवढ्या खाली सहसा होत नाही, कारण मज्जारज्जू साधारण एल१-एल२ पाशीच संपतो, त्याखाली नुसता नसांचा झुपका असतो. मानेतलं इंजेक्शन असतं तर मी पण घाबरलो असतो.

सुई चुकण्याचा सगळ्यात कॉमन प्रकार अगदी बिनआवाजी असतो. औषध जिथे पडायला हवं त्या जागेच्या अलीकडेच, स्नायूत नाहीतर लिगामेंटमधे पडतं. वाईट काहीच होत नाही आणि फायदाही होत नाही, मग पेशंट म्हणतो इंजेक्शन फेल गेलं. मशीनशिवाय, नुसतं हाताच्या अंदाजाने दिलेल्या इंजेक्शनांच्या जुन्या अभ्यासांत २५ ते ३० टक्के सुया चुकीच्या जागी सापडल्या होत्या, आणि त्या काही शिकाऊ लोकांनी दिलेल्या नव्हत्या.

दुसरा प्रकार म्हणजे सुई जरा पुढे जाऊन मज्जारज्जू आणि नसांभोवती जी पाण्याची पिशवी असते तिचं आवरण टोचलं जाणं. आमच्याकडे एक बाई दोन दिवसांनी परत आल्या, उठून बसलं की डोकं फुटायचं आणि आडवं पडलं की पाच मिनिटात गप्प. घरचे म्हणत होते नाटक करते, पण ते पाणी गळाल्याचंच दुखणं होतं. बहुतेकांचं झोपून, पाणी पिऊन आणि गोळ्यांवर थांबतं, त्यांचं नाही थांबलं, मग त्यांच्याच हातातलं रक्त काढून मणक्यात सोडलं (ब्लड पॅच म्हणतात) आणि तासाभरात बाई चहा मागायला लागल्या.

खरा धोका तिसरा, फार क्वचित होतो पण होतो. नसेच्या बाजूने सुई घालतात तेव्हा मज्जारज्जूला रक्त पुरवणारी बारीक धमनी वाटेत येऊ शकते. काही स्टेरॉइडं दुधासारखी गढूळ असतात, त्यातले कण तिथे अडकले की रक्तपुरवठाच बंद, पाय जातात ते असे. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नजर ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २०१४ मधे लकवा, स्ट्रोक, दृष्टी जाणं, मृत्यू हे सगळं लिहून इशारा दिला होता. डेक्सामेथासोन पारदर्शक असतं, त्यात कण नसतात, म्हणून बरेच डॉक्टर त्या वाटेने जाताना तेच वापरतात. सिरिंज मागे ओढून रक्त आलं नाही म्हणजे सुई धमनीत नाही असं नसतं बरं का. म्हणून आधी थोडं डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव, सोडून लाइव्ह बघतात. बरोबर जागी असेल तर नसेच्या कडेने रेघ उमटते आणि टिकते, रक्तवाहिनीत असेल तर दिसता दिसता वाहून जाते. अशा वेळी डॉक्टर सुई काढून परत घालतात, मी पाहिलंय, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, सी-आर्मखाली देणार का, डाय टाकणार का, कुठलं स्टेरॉइड. चिडले तर दुसरीकडे दाखवा. आईंना पूर्ण झोपवू नका म्हणा, सुई नसेला लागली की पायात करंट जातो, तो सांगायला माणूस जागं हवं. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल असलं रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर आधीच सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. डायची अॅलर्जी असेल तर तेही. शुगर काही दिवस वाढेल, घरी ग्लुकोमीटर ठेवा.

आणि घरी आल्यावर पायांतली ताकद कमी होत गेली, लघवी अडली, बसायच्या जागी बधिर वाटलं किंवा ताप आला तर सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी गाडी काढा.