पिशवी गेली, सव्वा महिना कुठे गेला?

यावेळचं पत्र टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून आलंय. पत्र लांबलचक आहे, प्रश्न सहा आहेत, आणि त्यातल्या एकावरच मी पान भरणार हे जुन्या वाचकांनी ओळखलं असेलच. आधी तिचे शब्द वाचा.

"ताई, फायब्रॉइड्सनी, म्हणजे पिशवीतल्या गाठींनी, तीन वर्षं छळलं. हिमोग्लोबिन नऊवर आलं तेव्हा गर्भपिशवी काढून टाकली. दुर्बिणीतून झालं ऑपरेशन, ओव्हरीज ठेवल्यात. पोटावरची चार बारीक भोकं आठ दिवसांत भरलीसुद्धा. आज बाविसावा दिवस. तरी दुपारचे चार वाजले की अंगातला जीवच जातो, आडवं व्हावं लागतं. संध्याकाळी पोट इतकं फुगतं की सलवारची नाडी बांधवत नाही. माझी मैत्रीण पंधराव्या दिवशी लॅपटॉप उघडून बसली होती. काल मी डिशवॉशर रिकामा केला, कपड्यांची बास्केट वर नेली, तर थोडं रक्त दिसलं. माझंच शरीर आळशी आहे का? आईला बोलावलं नाही, एवढ्याशा गोष्टीसाठी कुठे तिला विमानात बसवायचं. गणपती आठ दिवसांवर आलेत."

वयाने धाकटी आहेस, म्हणून अगं-तूगं करते. रक्त दिसल्यावर मला पत्र लिहिलंस, आणि डॉक्टरला? आधी हे वाचणं थांबव आणि फोन कर. थोडंसं तपकिरी-गुलाबी डाग पडणं सहा आठवड्यांपर्यंत चालतं, आतले टाके विरघळताना तर हमखास दिसतं. पण जास्त काम केल्यावर लालभडक दिसलं तर ते कळवायचं असतं. आणि तासाभरात पॅड भिजायला लागलं, ताप १००.४ च्या वर गेला, घाण वास येऊ लागला, लघवी अडली, एका पोटरीत दुखून सूज आली किंवा दम लागला, तर "सकाळी बघू" नाही. तसंच उठायचं आणि निघायचं.

केलास फोन? आता रागावते.

"एवढ्याशा गोष्टीसाठी." हा शब्द वाचून मी चष्मा काढून ठेवला. तुझ्या दोन बाळंतपणांना आई आली होती की नाही? आपल्या सगळ्यांच्या आया आल्या. पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का घेऊन, बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि ओव्याच्या पुड्या घेऊन. न्यू जर्सीच्या माझ्या अपार्टमेंटमध्ये माझ्या आईने धुरी दिली तेव्हा स्मोक अलार्म वाजून खालचा शेजारी वर आला होता. पण तिने सव्वा महिना मला पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही. सव्वा महिना म्हणजे चाळीस दिवसांच्या आसपास. आता डिस्चार्जच्या वेळी तुला दिलेला कागद काढ. जड उचलायचं नाही, संबंध ठेवायचे नाहीत, टबमध्ये बसायचं नाही, किती दिवस? सहा आठवडे. बेचाळीस दिवस! आपल्या आज्यांनी जो आकडा धरला होता, जवळपास तोच सर्जनने लिहून दिलाय. फरक एवढाच की बाळंतिणीचा सव्वा महिना घरातलं पोरसुद्धा पाळतं, आणि पिशवी काढलेल्या बाईचा तिला स्वतःलाही पाळता येत नाही. पाळण्यात बाळ नाही, मग पडून राहायला कारण काय सांगायचं?

(हो, ताई पुन्हा सव्वा महिन्यावर आल्या. येणारच.)

तुझं सगळं चुकतंय ते त्या चार भोकांमुळे. ती भरली म्हणून तुला वाटतं आपण भरलो. अगं, भोकं ही दारं होती, काम आत झालंय. पिशवी धरून ठेवणारे बंध कापले, रक्तवाहिन्या बंद केल्या, आणि योनीमार्गाचं वरचं टोक टाके घालून शिवून टाकलं. ती शिवण कुणाला दिसत नाही. तिला भरायला आठवडे लागतात, आणि तू बास्केट उचलून जिना चढतेस तेव्हा पोटातला सगळा दाब त्या शिवणीवर येतो. जुन्या पद्धतीने पोट उघडून ऑपरेशन झालं असतं, तर वीतभर जखम बघून नवऱ्याने तुला स्वयंपाकघरात फिरकूही दिलं नसतं. दुर्बिणीमुळे दुखणं कमी झालं, हॉस्पिटलातून लवकर सुटका झाली, ते चांगलंच. पण त्यामुळे दुखणं कुणाला दिसेनासं झालं, तुलाही.

आणि ते पोट. पहिले दोन-चार दिवस खांदा दुखला असेल, तो आत भरलेल्या गॅसमुळे. तो गॅस केव्हाच गेला. आता फुगतं ती सूज. सकाळी कमी, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी जास्त. काहीजणींना तीन-चार महिने नाडी सैल बांधावी लागते. मी २०११ साली याच ऑपरेशननंतर अडीच महिने नवऱ्याचे पायजमे घातले, फोटो आहेत. शिवाय आयर्नच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांनी पोट बांधलं जातं, त्याचाही फुगवटा असतो. भिजवलेल्या काळ्या मनुका, भरपूर पाणी, आणि डॉक्टरने दिलेलं शौच मऊ करायचं औषध लाजून कपाटात ठेवू नकोस. कुंथायचं अजिबात नाही.

दुपारी चारच्या थकव्याचं म्हणशील तर तुझा हिशोब बाविसाव्या दिवसापासून सुरू होतो, शरीराचा तीन वर्षांपासून. नऊ हिमोग्लोबिनवर तू ऑफिस, पोरांची स्विमिंग आणि मंडळाची दिवाळी केलीस. त्यावर भूल, त्यावर ऑपरेशन. आता ते रक्तही भरतंय आणि शिवणही. चार वाजता झोप येते तर झोप. एवढंच कर की गादीला खिळून राहू नकोस, कारण पायात गुठळी होण्याची भीती असते. घरातल्या घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, पाच मिनिटं, दहा मिनिटं. आज दहा मिनिटांनी दमलीस तर उद्या आठ कर. उद्या पंधरा करून बघते, हा आपला इंजिनियरिंगचा हट्ट इथे चालत नाही.

मैत्रिणीचं नाव पत्रात तीनदा आलंय. तिचं हिमोग्लोबिन किती होतं? तिची गाठ केवढी होती? लॅपटॉप उघडल्यावर ती किती वेळ बसली, हे तिने सांगितलं का? माझी लेस्टरची नणंद पंधराव्या दिवशी "मी एकदम फिट" म्हणून फोनवर सांगत होती. सहा महिन्यांनी कळलं की फोन ठेवून ती बाथरूममध्ये रडायची.

आता माझ्या आईची गोष्ट, जी मी दोनदा लिहिलीय आणि तिसऱ्यांदा लिहिणार आहे. अंबाजोगाई, १९८३. आई शाळेत बाई होती. पोट उघडून पिशवी काढली. अठराव्या दिवशी ती नळावरून घागर आणत होती, कारण आजी म्हणाली, "बाळंतीण नाही, आजारी नाही, मग निजायचं काय?" वर्षभरात त्याच टाक्याच्या जागी हर्निया झाला. पुढची वीस वर्षं आई खोकताना पोटावर हात दाबून धरायची. मला लहानपणी वाटायचं सगळ्या आया तशाच खोकतात.

आमच्या बीड जिल्ह्याचं नाव निघालं की दुसरीही एक गोष्ट मनात येते. २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी पाहणी झाली तेव्हा जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींचं वय पस्तीस-चाळीससुद्धा नव्हतं. तिथे एक दिवस कामावर गेलं नाही की मुकादम खाडा लावतो, नवरा-बायकोच्या जोडीमागे पाचशे रुपये कापतो, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. त्या बाया टाके ओले असताना मोळ्या उचलतात, कारण दुसरा रस्ता नसतो. तुझी आणि त्यांची बरोबरी करत नाही, ती होऊच शकत नाही. फक्त विचारते, तुला खाडा कोण लावतंय? फ्रिस्कोच्या त्या घरात मुकादम कोण आहे? तुझ्या पत्रात नवरा "राहू दे गं" म्हणतो, मॅनेजर "टेक युअर टाइम" म्हणतो. उरलं कोण, सांग.

वजनाचं नीट ऐक. बहुतेक सर्जन दहा पौंडांची मर्यादा घालतात, तुझ्या कागदावर कमी असेल तर तोच आकडा खरा. दुधाचा भरलेला गॅलन साडेआठ पौंडांच्या वर जातो, म्हणजे तिथेच हद्द संपत आली. कणकेची वीस पौंडांची पिशवी, पाच लिटरचा भरलेला कुकर, धुतलेल्या ओल्या कपड्यांची बास्केट, कास्ट आयर्नचा तवा, सगळं बंद. व्हॅक्यूम ढकलणंही बंद, त्यात पोटाला पीळ पडतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं. पाचव्या आठवड्यात थंडी पडणार म्हणून मी तुळशीची कुंडी डेकवरून आत घेतली. रात्री अकरा वाजता इमर्जन्सीत. सुदैवाने टाका तुटला नव्हता. तिथल्या नर्सने पहिलाच प्रश्न विचारला, "काय उचललंत?" "काय झालं" असं नाही, "काय उचललंत"!

आईला फोन कर. आज. तिकीट मिळालं तर चौथा आठवडा संपता संपता येईल आणि उरलेले दिवस तरी तुला कुणी दटावेल. नाहीच जमलं तर मंडळातल्या बायकांना डब्याचं सांग. बाळंतिणीला डबे देतात ना? मग तुलाही देतील, पण सांगितलंस तर.

बाकीचे प्रश्न भराभर. सासूबाई व्हिडिओ कॉलवर "आमच्या वेळी" म्हणतात, म्हणू देत, फोन नवऱ्याच्या हातात दे. ऑफिसला कधी जायचं, ते डॉक्टर लिहून देतील. कंपनी मोठी असेल आणि तुला तिथे वर्ष झालं असेल, तर एफएमएलए या अमेरिकेतल्या रजेच्या कायद्याखाली बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजेचा हक्क असतो, एचआरला विचार. गाडी: दुखण्याची कडक गोळी चालू असताना नाही. नंतर उभ्या गाडीत बसून ब्रेक जोरात दाबून बघ, पोटात कळ आली तर किल्ली परत खुंटीला. लेकीला काय सांगायचं? तेरा वर्षांची आहे, खरं सांग, तिच्याही अंगात पिशवी आहे. नवऱ्याशी जवळीक सहा आठवड्यांच्या तपासणीआधी नाही. त्यानंतरही तुला वाटेल तेव्हा, त्यावर मला पत्र लिहायची गरज नाही, त्याच्याशी बोल.

राहिला गणपती. तीस माणसांचं जेवण यंदा नाही. उकड मळायला जोर लागतो, ते काम मुलाला दे, सोळा वर्षांचा आहे, जिमला जातो म्हणतेस. नारळ नवऱ्याने खवावा. तू टेबलापाशी खुर्चीत बसून अकरा मोदकांना कळ्या पाड. बारावा नको.