जिप्सीच्या पुढच्या चाकातून काळं तेल गळतंय...

पाऊस उघडला की येणाऱ्या पत्रांत फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या, गाड्यांचाच भरणा असतो. खानापूर तालुक्याच्या चिखलपाण्यातून चार महिने काढलेली गाडी दिवाळीच्या सुमारास कुरकुरायला लागते, हे ठरलेलंच. सैन्यात गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमईत असताना जिप्सी आणि जोंगा या गाड्यांवर हात बसला, आता बेळगावात स्वतःचं गॅरेज आहे, पण या गाड्यांवरची माया तशीच आहे. म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच.

मेस्त्री, आर्मी डिस्पोजलमधली जिप्सी किंग घेतलीय. शेत जांबोटीजवळ, कणकुंबीपर्यंत सारखं जाणं-येणं असतं. डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूनं काळं, पातळ तेल गळायलंय. गावातला फिटर म्हणाला, ग्रीस सुटलंय, नवीन भरलं की झालं. भरलं. पंधरा दिवसांत परत तेच. आता काय करू?
— एक शेतकरी, जांबोटी

ग्रीस भरून हे थांबायचं नाही. पुढच्या चाकामागं जो मोठा चकचकीत गोळा दिसतो, त्याच्या पोटात सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा, असतो. तिथं नुसतं ग्रीस असायला हवं. तेल असतं ते डिफरन्शियलमध्ये, म्हणजे ॲक्सलच्या, दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यात. या दोघांच्या मध्ये, ॲक्सलच्या नळीच्या टोकाला एक लहानसं ऑइल सील आहे. ते गेलं की डिफरन्शियलचं तेल नळीतून गोळ्यात उतरतं, ग्रीस पातळ करतं आणि मग सगळं मिळून बाहेरच्या वायपर सीलमधून गळतं. खात्री करायची असेल तर गळालेलं बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो लपत नाही.

हे अंगावर काढू नका. तेल असंच जात राहिलं तर डिफरन्शियल कोरडं पडून आतले क्राऊन-पिनियन हे गिअर खातं, आणि तो खर्च सीलच्या कितीतरी पट आहे. शिवाय हेच तेल एका चाकाच्या ब्रेकवर गेलं तर चोर्ला घाटाच्या उतारावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल. मला खरी भीती त्याची वाटते.

खोलण्याआधी एक तपासणी घरीच करा. चाक जॅकवर उचला, खाली भक्कम स्टँड लावा. चाक वरून आणि खालून धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनची, म्हणजे स्टिअरिंगबरोबर चाक ज्या खिळीवर वळतं तिची, बेअरिंगं गेलीत. सील बदलायला तेवढं सगळं खोलावंच लागतं, तेव्हा जी बेअरिंगं खराब असतील ती त्याच वेळी बदला, परत मजुरी भरायला नको.

शाफ्ट बाहेर आला की सील जिथं टेकतं ती जागा पुसून नखानं चाचपा. नख अडलं म्हणजे सीलनं तिथं चर पाडलीय, आणि त्यावर नवं सील घातलं तरी ते गळणार. असा शाफ्ट बदला, नाहीतर उद्यमबागेत एखाद्या चांगल्या लेथवाल्याला दाखवा. गोळ्यातलं जुनं ग्रीस रॉकेलनं पूर्ण धुऊन काढा, मगच नवं भरा. जुन्यावर नवं चोपडू नका.

आणि ब्रीदर! हा बहुतेक फिटर बघतच नाहीत. ॲक्सलवर हवा आत-बाहेर करायला एक लहान ब्रीदर असतो. आपल्या लाल मातीनं तो बुजला की चालून तापलेल्या ॲक्सलमधली हवा फुगते आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. तीच तापलेली गाडी तुम्ही थंडगार नाल्यात घातली की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. कणकुंबीकडचा पाऊस म्हणजे मलप्रभेच्या उगमाचा पाऊस, तिथं चाकं पाण्यात न घालता राहणं शक्यच नाही. तेव्हा ब्रीदर साफ करा आणि त्याला रबरी नळी जोडून तोंड बॉनेटखाली उंचावर बांधा.

शेवटी डिफरन्शियलचं तेल बदला, पुढचं आणि मागचंही. आधी वरचा, तेल भरायचा नट सुटतो का बघा, मगच खालचा सोडा. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा नट गंजून बसलेला असला तर गाडी जागेवर अडकते. निघालेलं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय असं समजा. बारीक रुपेरी भुकटी चालते, कपच्या निघाल्या तर मला फोटो पाठवा. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं तेल घाला, गिअरबॉक्सला जीएल-४. सगळीकडं एकच डबा ओतू नका.

काका, आमच्याकडं २०१२ ची थार आहे, बाबांनी घेतलेली. तंबाखूच्या रानातून बाहेर पडून डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडल्यासारखी होते, टायर घासतात. मग लिव्हर टू-व्हीलमध्ये यायलाच तयार होत नाही. गिअरबॉक्स गेला असेल का?
— एक वाचक भगिनी, निपाणी

नाही ताई, गिअरबॉक्सवर संशय घ्यायचं काही कारण दिसत नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा मारतात. तुमच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, त्यामुळं फोर-व्हीलमध्ये दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. निपाणीच्या ओल्या काळ्या रानात चाक थोडं घसरतं आणि तो फरक निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या डब्यात, अडकतो आणि लिव्हर घट्ट बसतो. अशा वेळी लिव्हरवर जोर करू नका. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी थोडी रिव्हर्स घ्या, पीळ उलगडतो आणि लिव्हर सहज येतो. पुढच्या वेळी डांबराला चाक लागण्याआधीच टू-व्हीलमध्ये या.

टायरही बघा. मागचे दोन नवे आणि पुढचे दोन झिजलेले असतील तर चाकांचा घेर वेगळा होतो आणि सरळ रस्त्यावरसुद्धा असाच पीळ पडतो. या गाडीला चारही टायर एका मापाचे, एका मेकचे, साधारण सारखे झिजलेले हवेत.

उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर थोडा वेळ फोर-व्हील लावून चालवत जा. आत तेल फिरतं, सील सुकत नाहीत, लिव्हर मोकळा राहतो.

घरची जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप नीट करायला घेतलीय. आधी लिफ्ट किट आणि मोठे टायर घालू म्हणतोय. कोणतं माप घेऊ?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बेळगाव

कुठलंच नको. गाडी उंच केली की ॲक्सलकडं जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर जातात, ब्रेकचे होज ताणले जातात, वळणावर गाडी जास्त झुकते. आरसी बुकातल्या नोंदीपेक्षा वेगळे असे बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, ते वेगळंच.

ते पैसे स्प्रिंगच्या पाट्यांवर घाल. पाट्यांचे बुश आणि शॅकल बदल, सेंटर बोल्ट तुटलाय का बघ. बसलेल्या पाट्यांना ताव देऊन कमान आणली की गाडी आपोआप तिच्या मूळच्या उंचीवर येते. क्रॉसला ग्रीस गननं ग्रीस मारताना चारही टोप्यांमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मार. एका टोपीतून येत नसेल तर तिथली बेअरिंग सुकली आहे. आणि चॅसिसच्या पोकळीतली माती पाण्यानं धुऊन काढ. ती ओल धरून ठेवते आणि लोखंड आतून खाते. फक्त प्रेशरचा फवारा सीलवर आणि बेअरिंगवर थेट मारू नको.

कोल्हापूरच्या पाहुण्यांकडून एमएच ०९ पासिंगची जुनी जिप्सी मिळतेय. गाडी खानापुरातच राहणार. घेऊ का?
— एक वाचक, खानापूर

गाडी चांगली असेल तर जरूर घ्या, पण कागद आधी. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवायची तर कलम ४७ प्रमाणं कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, हवी. ती काढून द्यायची जबाबदारी पाहुण्यांनी घेतली तरच इसार द्या. इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागेल, तो किमतीत धरून बोला. गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, तेही आरसीवर बघा.

बघायला जाल तेव्हा वायर ब्रश आणि टॉर्च न्या. चॅसिस नंबरची जागा घासून अंक स्पष्ट वाचता येतात का आणि आरसीशी जुळतात का ते तपासा. गंजानं अंक गेले असतील तर तपासणीत गाडी अडेल, मग इंजिन कितीही गोड चालत असलं तरी ती घेऊ नका.