वळीव आणि अवकाळी

बेंगळुरूत राहणाऱ्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : ‘माझी आजी साताऱ्याकडे असते. परवा फोनवर म्हणाली, “काल वळीव झाला गं, जीव निवला.” त्याच संध्याकाळी बातम्यांत “साताऱ्याला अवकाळीनं झोडपलं” असं चाललं होतं. पाऊस एकच ना? मग शब्द दोन कसे? आणि वळीवचं वळवाचा होतं की वळिवाचा? वळणे या क्रियापदाशी त्याचं काही नातं आहे का?’

ताई, पाऊस एकच होता. आजीनं त्या पावसाची जात सांगितली आणि बातमीनं त्याच्याबद्दलची तक्रार सांगितली. मे महिन्यात, दिवसभर उकडल्यावर, दुपार कलताना गडगडत आलेला पाऊस असेल तर माझं मत आजीच्या बाजूनं आहे. त्याला स्वतःचं नाव आहे आणि ते फार नेमकं आहे.

वळीव म्हणजे उन्हाळ्यात, मृग लागण्याआधी पडणारा गडगडाटी पाऊस. पण एवढ्या व्याख्येत तो मावत नाही. सकाळी आभाळ लख्ख असतं. बारानंतर वारा पडतो, पान हलत नाही, अंगाला घाम चिकटून राहतो. मग उगवतीकडे काळं दाटायला लागतं. आधी येतं वारं, धुळीचे लोट, फटाफट आपटणारी दारं. मागून टपोरे, विरळ थेंब, आणि एकदम कोसळणं. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपतं आणि पुष्कळदा संध्याकाळी पुन्हा ऊन पडतं. आमचे आजोबा म्हणायचे, वळीव बैलाचं एक शिंग भिजवतो आणि दुसरं कोरडं ठेवतो. शिवारात खरंच तसं होतं. ओढ्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ.

यामागचं कारण सरळ आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते, समुद्राकडून आलेलं बाष्प तिच्याबरोबर उंच चढतं आणि दुपारपर्यंत उभेच्या उभे ढग तयार होतात. त्या ढगांतून गार हवा खाली येते आणि जमिनीला टेकून चहूकडे पसरते, म्हणून पावसाआधी वारं सुटतं. ढग सुटे सुटे असतात, त्यामुळे पाऊसही एका गावाला भेटतो आणि शेजारच्या गावाला हूल देतो. मोसमी पाऊस पश्चिमेकडून, समुद्राच्या अंगानं, सलग पट्ट्यानं येतो. आमच्या भागातल्या माणसाला पाऊस कुठल्या दिशेनं आला एवढ्यावरून तो वळीव की मोसमी हे कळतं.

मी हा शब्द कुरडयांमुळे शिकलो. आमचं गाव कराडजवळ. परीक्षा संपल्या की घरी उन्हाळी कामं सुरू व्हायची. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून खाटेवरच्या जुन्या साडीवर कुरडया घालायच्या. पापडाचं पीठ एक दिवस थांबतं, सांडग्यांची डाळही सांभाळून घेता येते, पण गहू एकदा भिजले की ते काम मागं सारता येत नाही. म्हणून आई गहू भिजवण्याआधी चार दिवस आभाळाकडे बघत असे. तरीही चुकायचं. दुपारी जरा डोळा लागला की शेजारच्या काकूंची हाक यायची, ‘वळीव उठलाय, खाटा उचला!’ मग आळीतली सगळी पोरं ज्याच्या-त्याच्या अंगणातल्या खाटा उचलून पडवीत न्यायची. आपली-परकी असा भेद नसायचा. अर्धवट वाळलेल्या, मऊ कुरडया तोंडात टाकण्याची ती हक्काची वेळ.

पण या धावपळीतही कुणी वळवाला नावं ठेवल्याचं मला आठवत नाही. कारण त्याच दुपारी आजोबा नांगरटीचं ढेकूळ बुटानं दाबून बघायचे. चैत्रात नांगरलेलं रान उन्हात तापून दगडासारखं झालेलं असतं. ते तापणंही हवंच असतं, किडींचे कोष आणि तणांची मुळं त्यात मरतात. मात्र ती ढेकळं फोडायला वळीव लागतो. एक चांगला वळीव झाला की ढेकळं विरघळतात, मग कुळवाची पाळी घालायची आणि मृगाच्या पेरणीला रान तयार. वळीव नाही झाला तर ढेकळं फोडण्यात बैल आणि माणसं दोन्ही दमतात. ज्या पावसावर खरिपाची मशागत अवलंबून आहे त्याला ‘वेळ चुकलेला’ कसं म्हणायचं? ताईंच्या आजींच्या ‘जीव निवला’ या शब्दांमागे उकाडा सरल्याचा आनंद आहेच, पण मला वाटतं त्यात शिवाराचाही थोडा जीव आहे.

आता अवकाळी. काळ या शब्दाआधी ‘अव’ लागला आहे. अवगुण, अवलक्षण, अवकृपा, अवदसा हे शब्द शेजारी ठेवून पाहा; हा उपसर्ग जिथं लागतो तिथं काहीतरी कमी किंवा वाईट आहे असं सांगतो. अवकाळी म्हणजे नुसता ‘वेगळ्या वेळी’ नाही, तर ‘भलत्या वेळी’. शब्दातच गाऱ्हाणं आहे. आणि असा पाऊस असतोच. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत २०१४ साली मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रावर झालेली गारपीट आठवा. ज्वारी काढणीला आलेली, हरभरा, गहू, द्राक्षं उभी, आणि वरून गारा. त्या दिवसांत पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळी पाऊस आणणारी वादळं, आणि दक्षिणेकडचं बाष्प यांची गाठ पडली की असं घडतं. त्याला कुणीही वळीव म्हटलं नाही, म्हणणारही नाही. रब्बी रानात असताना आलेला पाऊस अवकाळी. इथं शब्द चपखल बसतो.

अडचण पुढे होते. गेली काही वर्षं दूरचित्रवाणीच्या पट्टीवर फेब्रुवारीची गारपीट, एप्रिलचा वळीव आणि रोहिणीतल्या सरी या तिघांनाही एकच ‘अवकाळी’ लावलं जातं. बातमीदारांवर सगळा दोष टाकणं मला पटत नाही. हा शब्द पसरला त्याचं मोठं कारण शेतात आहे. आजोबांच्या काळी आमच्याकडे वैशाखात बहुतेक रान मोकळं असायचं. आज विहीर, बोअर, ठिबक यांच्या जोरावर ते वर्षभर भरलेलं असतं. नाशिककडे उन्हाळ कांदा मार्च ते मे काढला जातो आणि चाळीत भरायच्या आधी शेतात पसरलेला असतो. सांगली-तासगावकडे बेदाणा वाळत असतो, शिजवलेली हळद खळ्यावर असते. जळगावात केळी उभी, आणि वादळी वारं केळीचा पहिला शत्रू. या माणसाला आमच्या आजोबांचा वळीव घास हिरावणाराच वाटणार. त्यानं त्याला अवकाळी म्हटलं तर त्याचं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. शिवाय पंचनामा होतो तो नुकसानीचा. सरकारी कागदांत ‘अवेळी पाऊस’ लिहितात. ‘वळवानं कांदा भिजला’ असं कुणी अर्जात लिहीत नाही.

म्हणजे पावसाची वेळ तीच राहिली, आपल्या पिकांच्या वेळा बदलल्या, आणि जुन्या वेळेला बांधलेला शब्द मागं पडत चालला. ज्याचं नुकसान झालं त्यानं अवकाळी म्हणावं. पण पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत, कुणाचं काही भिजलं-नासलं नसताना, चहा पीत खिडकीतून बघणाऱ्यानंही ‘अवकाळी पडतोय’ म्हणावं याचं मला वाईट वाटतं. ‘मान्सूनपूर्व पाऊस’ हा आणखी एक शब्द हल्ली कानावर पडतो. हवामान विभाग मार्च ते मे या काळाला पूर्वमोसमी म्हणतो, ती शास्त्राची विभागणी आहे आणि त्यांच्या कामाला योग्यच. पण त्या नावात पाऊस पुढच्या पाहुण्याच्या ओळखीनं ओळखला जातो. वळीव या शब्दात तो स्वतःच्या पायांवर उभा असतो.

आपल्या पावसांची नावं बहुतेक नक्षत्रांवरून आहेत हे इथं सांगायला हवं. मृगाचा, आर्द्रेचा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, पुढं मघा, हस्त, स्वाती. सूर्य रोहिणीत जातो साधारण २५ मेला आणि मृगात ७-८ जूनला. त्याआधीच्या अश्विनी, भरणी, कृत्तिका नक्षत्रांत पडणाऱ्या पावसाला नक्षत्राचं नाव मिळालेलं नाही. त्या सगळ्या दिवसांचा मिळून एकच पाऊस, वळीव. पंचांगात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, पण आमच्याकडे बोलताना ‘वसंत आला’ असं कुणी म्हणत नाही. तो उन्हाळाच. वसंताची खूण म्हणाल तर पिंपळाची तांबूस पालवी, पाडाला आलेला आंबा, आणि हा पाऊस.

प्रदेशागणिक हे दिवस वेगळ्या शब्दांनी ओळखले जातात. कोकणात पावसाआधीच्या त्या तयारीला आगोट म्हणतात : लाकूडफाटा आत घ्यायचा, कौलं परतायची, सुकी मासळी आणि कोकमं भरून ठेवायची. गोव्यात याच साठवणुकीला पुरुमेंत म्हणतात. मूळ पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’, म्हणजे तरतूद. खानदेशात हेच दिवस आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. आमच्याकडे चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येऊन झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेला परत जाते. मधला महिनाभर हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हं.

तुम्ही बेंगळुरूला आहात म्हणून सांगतो, तुमच्या आसपास याच पावसाला आंब्यावरून नाव पडलं आहे, मराठीत आपण आम्रसरी म्हणतो. चिकमगळूर आणि कोडगूला तर मार्च-एप्रिलच्या सरींवर कॉफीचा फुलोरा अवलंबून असतो. तिथला मळेवाला त्या पावसाची वाट बघतो. बंगालात कालबैशाखी. आणि आसामातलं नाव मला सगळ्यांत आवडतं : बोरदोइसिला. बिहूच्या सुमाराला उठणाऱ्या वादळाला तिथं माहेरी निघालेली लेक मानतात. आईला भेटायच्या ओढीनं ती इतक्या घाईत निघते की वाटेतली झाडं मोडतात, छपरं उडतात. मूळ शब्द बोडो भाषेतला, बारदैशिख्ला : बार म्हणजे वारा, दै म्हणजे पाणी, शिख्ला म्हणजे तरुण मुलगी. आपली गौर झोपाळ्यात शांत बसलेली असते त्याच दिवसांत तिकडची लेक वाऱ्यावर स्वार होऊन येते. दोघी माहेरीच निघालेल्या. नुकसान तिथंही होतं, तरी नाव मायेचं आहे.

आता व्याकरण. मराठीत क्रियापदाला ‘ईव’ लागून शब्द होतात : कोरणे-कोरीव, घडणे-घडीव, आखणे-आखीव, पाळणे-पाळीव. वळणे-वळीव याच साच्यातला आहे; हातानं वळलेल्या शेवयांना वळीव शेवया म्हणतातच. पावसाचं वळीवही रूपानं तिथलंच दिसतं. वारा वळतो, ढग माघारी वळून येतात, असा अर्थ आमच्याकडची म्हातारी माणसं लावतात आणि तो पावसाच्या वागण्याशी जुळतो.

वळिवाचा की वळवाचा? लिहिताना वकील-वकिलाचा, खरीप-खरिपाचा या वाटेनं ‘वळिवाचा’ व्हायला हवं. पण तारीख-तारखेचा, बेरीज-बेरजेचा, लाकूड-लाकडाचा इथं मधला स्वर पारच गळतो. नीट पाहिलं तर या दुसऱ्या गटातल्या शब्दांचं पहिलं अक्षर दीर्घ आहे (ता, बे, ला) आणि पहिल्या गटात ते ऱ्हस्व आहे (व, ख). वळीवचं पहिलं अक्षर ऱ्हस्व, म्हणजे तो वकिलाच्या पंक्तीत बसायला हवा. तरी बोलण्यात ‘वळवाचा’ इतका रुळला आहे की तो चूक ठरवणं मला योग्य वाटत नाही. दोन्ही लिहा. ‘वळीवाचा’ असा दीर्घ ई मात्र टाळा. छापील मजकुरात तो वारंवार दिसतो, पण सामान्यरूपात ती ई ऱ्हस्व होते. आणि वळीव ‘पडतो’ त्यापेक्षा ‘होतो’ किंवा ‘येतो’ जास्त. आजीचं ‘वळीव झाला’ अगदी अस्सल.

पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा आजीला एवढंच विचारा, पाऊस कुठल्या अंगानं आला? ‘उगवतीकडनं’ म्हणाल्या, तर बातम्यांत काहीही चालू असो, तो वळीव.