नवीन फिश टँकचं पाणी आठवड्यात पांढरट झालं आणि दोन मासे मेले. सगळं पाणी बदलू का?

सगळं पाणी अजिबात बदलू नका. पाणी घाण नाही, टँक अजून कच्चा आहे. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर हळूहळू वाढतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट बरंच सौम्य. ही घडी बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

तोवर दर दोन-तीन दिवसांनी पाव टँक पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतं, म्हणून पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकंच. नवे मासे आत्ता आणू नका, कृपा करून.

आणि स्पंज नळाखाली धुऊ नका! टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. ओळखीच्या कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यातल्या स्पंजचा तुकडा मागून आणा, खूप वेळ वाचतो. अमोनिया आणि नायट्राइट मोजणारं टेस्ट किट घ्याच. दोन्ही शून्य दिसेपर्यंत नवे मासे आणायला थांबा.