पाणबुडी युद्धावरचं पुस्तक घेताना आधी प्रकाशनाचं साल बघा

दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांवर कादंबऱ्या नकोत, खऱ्या इतिहासाची पुस्तकं हवीत, पण ढिगातून निवडायची कशी, असा तुमचा प्रश्न आहे. मी या विषयात इतिहासकार वगैरे नाही, नुसता वाचणारा आहे. सुरुवातीला भलतीच पुस्तकं वाचून बसलो, त्यामुळे कुठे फसायला होतं ते मात्र सांगू शकतो.

मुखपृष्ठावरची स्तुती सोडा, आतलं साल बघा. जर्मनांचे एनिग्मा या सांकेतिक लिपीच्या यंत्रावरचे गुप्त संदेश ब्रिटिश वाचत होते, ही गोष्ट १९७४ पर्यंत जगजाहीर नव्हती. त्याआधीच्या पुस्तकांत जहाजांचा ताफा ऐन वेळी वाट बदलतो, विमान नेमकं पाणबुडीच्या डोक्यावर येतं, आणि लेखक त्याचं श्रेय रडारला नाहीतर नशिबाला देऊन मोकळा होतो. यू-बोटींचा, म्हणजे जर्मन पाणबुड्यांचा प्रमुख कार्ल डोनिट्झ याच्याच आठवणी घ्या. त्या १९५८ साली आल्या. आपले संकेत फुटलेत की काय, असा संशय त्याला युद्ध चालू असतानाच आला होता. चौकशा झाल्या, आणि तज्ज्ञांनी दर वेळी 'शक्यच नाही' असा निर्वाळा दिला. पुस्तक लिहायला बसला तेव्हाही त्याला खरं काय ते कळलेलं नव्हतं. पण म्हणून ते पुस्तक रद्दीत घालू नका. हरणाऱ्या सेनापतीला काय दिसत नव्हतं, ते त्यातच कळतं. फक्त पहिलं म्हणून ते वाचू नका.

दुसरं, बुडवलेल्या जहाजांचा हिशेब कुणी तपासला? कप्तान रात्रीच्या अंधारात टॉर्पेडो सोडतो आणि लगेच खोल बुडी मारतो. वर काय झालं ते बहुतेक वेळा कानांनीच ठरवायचं. धमाका ऐकू आला की एक जहाज जमेला धरलं. यात खोटेपणा नाही, पण हिशेब फुगतो. अमेरिकन पाणबुड्यांचे जपानविरुद्धचे दावे होते सुमारे ४,००० जहाजं आणि १ कोटी टनांचे. १९४७ साली जपानी नोंदींशी ताडून सरकारी समितीने मान्य केली १,३१४ जहाजं, सुमारे ५३ लाख टन. म्हणजे जवळपास निम्मं टनेज कागदावरच बुडालं होतं! (या समितीनेही ५०० टनांखालची व्यापारी जहाजं मोजलीच नाहीत, त्यामुळे तिचा आकडाही वेदवाक्य नाही.) म्हणून पुस्तक घेताना मागची पानं उलटा. शत्रूच्या दफ्तरातल्या नोंदी लेखकाने पाहिल्यात का, ते तिथे कळतं.

या कसोटीवर माझ्या मते पहिलं पुस्तक क्ले ब्लेअरचं 'सायलेंट व्हिक्टरी', अमेरिकन पाणबुड्यांच्या जपानविरुद्धच्या युद्धावरचं, १९७५ सालचं. वीट आहे नुसती. पण लेखक स्वतः युद्धात पाणबुडीवर होता, आणि मागच्या परिशिष्टात एकेका गस्तीचा दावा आणि नंतर मान्य झालेला आकडा शेजारी शेजारी दिलाय. शिवाय अमेरिकन पाणबुड्यांच्या मार्क १४ टॉर्पेडोची सगळी लाजिरवाणी कहाणी त्यात आहे. हा टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा सुमारे १० फूट खोल जायचा. ते सुधारलं तर चुंबकीय स्फोटक, म्हणजे जहाजाच्या लोखंडाची चाहूल लागताच टॉर्पेडो फोडणारा भाग, दगा द्यायचं. तेही बंद केलं, तेव्हा कळलं की टॉर्पेडो जहाजावर काटकोनात, म्हणजे अगदी नेम धरून आदळला की स्फोट घडवणारी आतली पिनच वाकते. तिरका लागला तर फुटायचा! जुलै १९४३ मध्ये टिनोसा पाणबुडीने थांबलेल्या एका टँकरवर एकामागून एक टॉर्पेडो मारले, ते नुसतेच आपटत राहिले. शेवटी वैतागलेल्या कप्तानाने एक शिल्लक ठेवला आणि तपासायला म्हणून तळावर परत नेला. हा दोष निस्तरेपर्यंत युद्धाला पावणेदोन वर्षं होऊन गेली होती.

अटलांटिकसाठी मायकेल गॅननचं 'ऑपरेशन ड्रमबीट' घ्या. १९४२ च्या जानेवारीत यू-१२३ ही जर्मन पाणबुडी अमेरिकेच्या किनाऱ्याशी पोचते, तर शहरांचे दिवे झगमगतायत आणि त्या उजेडावर जहाजांच्या आकृत्या उठून दिसतायत. गॅनन याचा दोष अमेरिकन नौदलाचा प्रमुख ॲडमिरल किंग याला देतो. ब्लेअर त्याच्या यू-बोटींवरच्या दोन खंडांत किंगची बाजू घेतो. दोन्ही वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

'दास बूट' कुणी सुचवलं तर लक्षात असू द्या, लेखक यू-९६ वर खरोखर गेला होता, तरी ती कादंबरीच आहे.

आठवणींच्या पुस्तकांत मला सगळ्यात भिडलं ते रिचर्ड ओकेनचं 'क्लिअर द ब्रिज'. हा टँग या अमेरिकन पाणबुडीचा कप्तान. २५ ऑक्टोबर १९४४ ला फॉर्मोसाच्या (आजच्या तैवानच्या) सामुद्रधुनीत त्यांनी आपला २४ वा, शेवटचा टॉर्पेडो सोडला. तो डावीकडे वळला, पाण्यावर उसळ्या घेत गोल फिरला आणि टँगच्याच मागच्या बाजूला येऊन फुटला. ८७ पैकी ९ जण वाचले. ओकेन त्यातला एक, कारण त्या वेळी तो वर पुलावर, म्हणजे पाणबुडीच्या माथ्यावरच्या उघड्या टेहळणीच्या जागी उभा होता. आता पुस्तकाचं नाव पुन्हा वाचा: पुलावरून सगळ्यांनी खाली उतरा, पाणबुडी बुडी मारतेय, असा तो हुकूम आहे.